लहान मुलांना घेऊन कोकणात: आधी किनारा, मग तिथी, मग रिसॉर्ट

कोकणातली सहल ठरवताना बहुतेक घरांत सुरुवात खोल्यांच्या फोटोंपासून होते. एसी आहे का, पूल आहे का, बाल्कनीतून समुद्र दिसतो का, हे बघत बघत बुकिंग होऊन जातं आणि किनारा कसा आहे ते तिथे पोचल्यावर कळतं. सगळी मोठी माणसं असतील तर यानं फारसं बिघडत नाही. दोन-तीन वर्षांचं मूल बरोबर असेल तर बिघडतं, कारण त्याचा अख्खा दिवस त्या वाळूत, त्या अंगणात आणि त्या ताटासमोर जाणार असतो. माझं माहेर दापोली तालुक्यातलं, त्यामुळे पुण्या-मुंबईचे नातेवाईक आणि शेजारी दर हिवाळ्यात मला विचारतात, "चांगलं रिसॉर्ट सांग ना." मी त्यांना आधी मुलांची वयं विचारते, मग किनारा सांगते, मग तारखा. रिसॉर्टचं नाव सगळ्यात शेवटी. हाच क्रम इथे सविस्तर लिहिते आहे.

पायरी १: किनारा कसा आहे ते घरबसल्या बघा

लहान मुलांसाठी किनाऱ्याचा सगळ्यात मोठा गुण म्हणजे त्याचा उतार. सपाट किनाऱ्यावर ओहोटीला समुद्र लांब जातो, घट्ट ओली वाळू मोकळी होते आणि तिच्यात घोट्याएवढ्या पाण्याची डबकी राहतात. दोन वर्षांच्या मुलाला तेवढा समुद्र पुष्कळ होतो. उभ्या उताराच्या किनाऱ्यावर लाट थेट काठाशी फुटते, परत जाताना पायाखालची वाळू ओढून नेते, आणि गुडघ्याएवढं पाणी दोन पावलांत कमरेला येतं.

हे घरी बसून ओळखता येतं. मोबाइलच्या नकाशात उपग्रहाचं चित्र लावा. किनाऱ्याला समांतर अशा पांढऱ्या फेसाच्या तीन-चार रेषा एकामागे एक दिसत असतील तर लाटा लांबवर फुटत येतात, म्हणजे उतार कमी. वाळूला चिकटून फेसाची एकच जाड रेघ दिसत असेल तर उतार उभा समजा. लोकांनी टाकलेल्या फोटोंत वाळू बघा. बारीक, घट्ट बसणारी वाळू बहुधा सपाट किनाऱ्यावर असते आणि पाय रुततील अशी जाडसर वाळू उभ्या उतारावर. त्याच नकाशात आणखी दोन गोष्टी शोधा: खाडीचं मुख आणि खडक. खाडी जिथे समुद्राला मिळते तिथे भरती-ओहोटीला पाण्याला मोठी ओढ असते. अशा मुखापासून निदान एक किलोमीटर लांब असलेली जागाच मुलांसाठी धरावी असं माझं मत आहे.

काही ठिकाणी कुटुंब घेऊन जरूर जा, पण मुलांना पाण्यात नेण्याच्या बेतानं जाऊ नका. गणपतीपुळे, आरे-वारे, काशिद आणि हरिहरेश्वर या चारही ठिकाणी पर्यटक बुडाल्याच्या घटना घडल्या आहेत. हरिहरेश्वरची प्रदक्षिणेची वाट खडकांतून जाते. भरती असेल किंवा समुद्र खवळलेला असेल तर कडेवर मूल घेऊन त्या वाटेला लागूच नये. गणपतीपुळ्याला देवदर्शन करावं, प्राचीन कोकण संग्रहालय मुलांना दाखवावं, मालगुंडला केशवसुतांचं स्मारक बघावं, आणि समुद्र वाळूवरून बघावा. अंगारकी चतुर्थी मात्र टाळा. त्या गर्दीत हातातलं मूल सुटायला क्षण पुरतो.

सपाट किनाऱ्याचा एक वेगळा धोका आहे आणि त्याबद्दल कुणी बोलत नाही. वाळू घट्ट असली की तिच्यावर वाहनं येतात. नागाव, दिवेआगर, कर्दे अशा किनाऱ्यांवर सुट्टीच्या दिवशी घोडागाड्या, चारचाकी एटीव्ही, कधीकधी चक्क पर्यटकांच्या मोटारी धावतात. वाळूत वाकून किल्ला करणारं मूल चालकाला दिसत नाही. म्हणून अशा किनाऱ्यावर मुख्य प्रवेशाच्या जागेपासून दहा मिनिटं चालत लांब जा, किंवा तिथे वाटच नाही असा कोपरा ज्या रिसॉर्टच्या मागे येतो ते निवडा.

आता भागांबद्दल थोडं. मुंबईहून पहिल्यांदाच तान्ह्या किंवा रांगत्या बाळाला नेत असाल तर अलिबागची बाजू सोयीची: वरसोली, आक्षी, नागाव, किहीम. प्रवास थोडा आणि जिल्हा रुग्णालय अलिबागेतच. शनिवार-रविवारी तिथे पाय ठेवायला जागा नसते, तेव्हा मधल्या वारी जा. पुण्याहून ताम्हिणी घाटानं माणगावला उतरलं की दिवेआगर आणि श्रीवर्धन जवळ पडतात. दापोलीकडे कर्दे, मुरूड आणि आंजर्ले. या भागाकडे माझा ओढा आहे हे मान्य करते, पण दापोली गावात डॉक्टर, औषधांची दुकानं आणि बाजार सगळं हाताशी आहे, हे कारणही खरं आहे. चार वर्षांच्या पुढची मुलं असतील आणि दिवस फेब्रुवारी ते एप्रिलमधले असतील, तर वेळास किंवा आंजर्ल्याला ऑलिव्ह रिडले कासवांची पिल्लं समुद्रात जाताना बघायला मिळू शकतात. वेळासला राहणं गावकऱ्यांच्या घरात असतं. सोयी साध्या असतात आणि पिल्लं त्या दिवशी निघतीलच असं नसतं. मुलांना हे आधी सांगून ठेवा.

खाली तारकर्ली आणि देवबागचं पाणी स्वच्छ, पण देवबाग म्हणजे कर्ली नदी आणि समुद्र यांच्या मधली चिंचोळी पट्टी. काही निवासांच्या पुढे समुद्र आणि मागे नदी असते. मोठ्यांना हे फार सुंदर वाटतं. चालायला लागलेल्या मुलाच्या आईला मात्र दोन्ही दारांवर नजर ठेवावी लागते. त्याहून खाली वेंगुर्ला, शिरोडा, रेडी. हा भाग शांत आहे, आणि २०२३ साली गोव्यात मोपाचा विमानतळ सुरू झाल्यापासून लांबून येणाऱ्यांनाही जवळ पडतो.

पायरी २: तारखा तिथी बघून ठरवा

माझ्या मते सगळ्यात जास्त उपयोगाची पायरी ही आहे, आणि शहरातली माणसं नेमकी हीच सोडून देतात. रजा शुक्रवारची की सोमवारची हे बघतो, तसं त्या दिवसांत भरती किती वाजता आहे हेही बघायला हवं.

कोकणात समुद्राकाठच्या घरांत एक जुना हिशेब आहे. तिथीला पाऊणनं गुणायचं, येईल ती पूर्ण भरतीची वेळ. पाऊणकी पाठ असणाऱ्या आजोबांना विचारा: चार पाऊणे तीन, आठ पाऊणे सहा, बारा पाऊणे नऊ. म्हणजे चतुर्थीला तीनच्या सुमारास भरती, अष्टमीला सहाच्या, द्वादशीला नऊच्या, दिवसातून दोनदा. शुक्ल पक्ष असो की वद्य, हिशेब तोच. भरतीनंतर साधारण सव्वासहा तासांनी पूर्ण ओहोटी, आणि रोज ही वेळ पन्नासेक मिनिटांनी पुढे सरकते. हा अंदाज झाला. निघण्याआधी त्या गावाच्या भरती-ओहोटीच्या तक्त्यावरून नेमकी वेळ बघून घ्या. मोबाइलवर तो सहज मिळतो.

आता मुलांच्या दिवसाशी हे जुळवू. लहान मुलं वाळूत खेळणार सकाळी सात ते नऊ आणि संध्याकाळी साडेचारनंतर. मधल्या वेळात ऊन असतं.

द्वितीया ते चतुर्थी: ओहोटी सकाळी पावणेआठ ते नऊच्या दरम्यान. खेळायच्या वेळी सगळी वाळू मोकळी, डबकी भरलेली, शंख-शिंपले आणि पळणारे खेकडे दिसणार. चार वर्षांखालच्या मुलांसाठी मला हे दिवस सगळ्यात आवडतात. संध्याकाळी मात्र पाणी ओसरत असतं, तेव्हा खेळ कोरड्या वाळूत.

अष्टमीच्या आगेमागे: भरती सहाच्या सुमारास, पण या दिवसांत भांग असते. भरती फार चढत नाही, ओहोटी फार उतरत नाही आणि पाण्याची ओढ कमी. पाच-सात वर्षांच्या मुलांना पाय भिजवायचेच असतील तर हे दिवस बरे.

पौर्णिमा आणि अमावास्या: उधाण. भर दुपारी पाणी वरपर्यंत येतं आणि संध्याकाळी चार ते सहा जोरात ओसरत असतं. नेमकी हीच पर्यटकांची समुद्रात उतरायची वेळ. या दिवसांत गेलात तर मुलांना पाण्यापासून लांबच ठेवा. पुळण अरुंद असेल तर दुपारी वाळू उरतच नाही, हेही लक्षात घ्या.

भरतीची उंची उत्तरेकडे जास्त आणि दक्षिणेकडे कमी होत जाते. त्यामुळे अलिबागला ओहोटीत समुद्र जेवढा लांब जातो तेवढा मालवणला जात नाही. अलिबागचा कुलाबा किल्ला ओहोटीला चालत गाठता येतो, पण मुलांना घेऊन जाणार असाल तर पाणी वळायच्या आधी परत निघालंच पाहिजे. परतीची वेळ आधी ठरवा आणि तिथल्या माणसाला विचारून ती पक्की करा.

पायरी ३: ऋतू

नोव्हेंबर ते फेब्रुवारी उत्तम, विशेषतः जानेवारी. मार्चपासून दमट उकाडा वाढतो. एप्रिल-मे आंब्यांचे दिवस, पण दुपारी अकरा ते चार खोलीत काढावी लागतात आणि काही गावांत पाण्याची टंचाई असते. जून ते सप्टेंबर समुद्र मुलांचा नाही. हिरवळ, धबधबे, भाताची लावणी बघायला जा, समुद्रासाठी नको. मासेमारी जून-जुलैत बंद असल्यामुळे ताजी मासळीही कमी मिळते. ऑक्टोबरचं ऊन कडक असतं. चांगला महिना आहे म्हणजे समुद्र निर्धोक आहे असं मात्र समजू नका. २०१६च्या फेब्रुवारीत मुरूड-जंजिऱ्याच्या किनाऱ्यावर पुण्याहून सहलीला आलेले महाविद्यालयीन विद्यार्थी बुडाले होते. तो महिना पावसाळ्याचा नव्हता आणि ती मुलं मोठी होती.

पायरी ४: रस्ता

मूल गाडीत किती वेळ बसू शकतं त्यावरून गाव ठरवा. पाच वर्षांखालच्या मुलांना घेऊन एका दिवसात सहा तासांपेक्षा जास्त मोटारीचा प्रवास मी कुणालाच सुचवत नाही. त्याहून लांब जायचं असेल तर रेल्वे. दापोलीसाठी खेड, गुहागर-वेळणेश्वरसाठी चिपळूण, गणपतीपुळ्यासाठी रत्नागिरी, तारकर्लीसाठी कुडाळ, वेंगुर्ल्यासाठी कुडाळ किंवा सावंतवाडी. आरक्षण साठ दिवस आधी उघडतं, आणि नाताळ, मे महिना, शिमगा, गणपती या दिवसांची तिकिटं पहिल्याच सकाळी संपतात. स्टेशनपासून पुढची गाडी निवासाच्या मालकांकडूनच ठरवून घ्या. गावातला ओळखीचा चालक मिळतो आणि तो वाटेत थांबायला कुरकुर करत नाही.

घाटात मुलांना गाडी लागते. ताम्हिणी, कुंभार्ली, आंबा, फोंडा, कोणताही घाट घ्या, वळणं चुकत नाहीत. घाटाआधी तासभर दूध देऊ नका. कोरडी पोळी, लाह्या, चुरमुरे असं हलकं काही द्या. मोबाइल हातात देऊ नका, खिडकीतून लांबचं बघायला लावा. उलटीचं औषध द्यायचं असेल तर ते आपल्या डॉक्टरांना विचारून, आणि घाट लागायच्या आधी.

मुंबईकरांना भाऊच्या धक्क्यावरून मांडव्याला जाणारी रो-रो बोट आहे. गाडीसकट साधारण तासाभरात पलीकडे. दाभोळ-धोपावे, वेश्वी-बागमांडला, आगरदांडा-दिघी, जयगड-तवसाळ या फेरीबोटींनी खाडी ओलांडताना मुलांना फार मजा येते. बोट धक्क्याला लागताना मात्र मूल गाडीत बसलेलं असू दे किंवा कडेवर. गाड्या हलू लागतात त्या गडबडीत ते पायांत नको.

पायरी ५: दवाखाना

खोलीचं भाडं विचारायच्या आधी हे विचारा: मुलांचे डॉक्टर सगळ्यात जवळ कुठे, आणि रात्री दोन वाजता तिथे पोचायला किती वेळ लागेल? उत्तर पाऊण तासाच्या आत असावं. अलिबाग, दापोली, चिपळूण, रत्नागिरी, मालवण, कुडाळ, वेंगुर्ला ही गावं त्या दृष्टीनं बरी. चिपळूणजवळ डेरवणला वालावलकर रुग्णालय मोठं आहे, सिंधुदुर्गात ओरोसला जिल्हा रुग्णालय आहे. रुग्णवाहिकेसाठी १०८. खोलीत मोबाइलला रेंज येते का हेही याच वेळी विचारा, नाहीतर तो क्रमांक असून उपयोग नाही.

ताप, जुलाब, कानदुखी ही नेहमीची दुखणी. त्यासाठी ओआरएसची पाकिटं, थर्मामीटर आणि आपल्या डॉक्टरांनी वजनाप्रमाणे लिहून दिलेलं तापाचं औषध बरोबर ठेवा. कोकणात त्याखेरीज विंचू आणि साप यांचा विचार करावा लागतो. घाबरवण्यासाठी हे लिहीत नाही, पण जांभ्याच्या गडग्यांत म्हणजे दगडी कुंपणात, लाकडांच्या ढिगात आणि नारळाच्या सोडणांत म्हणजे सोललेल्या सालींत लाल विंचू असतो आणि लहान मुलाला त्याचा दंश मोठ्या माणसापेक्षा जास्त बाधतो. महाडच्या डॉ. हिंमतराव बावस्करांनी या दंशावर प्राझोसिन हे औषध किती गुणकारी आहे ते दाखवून दिलं आणि तेव्हापासून असंख्य जीव वाचले. उपचार आहे, फक्त मूल वेळेत पोचलं पाहिजे. दंशानंतर घाम फुटला, उलटी झाली, हातपाय गार पडले, तर झाडपाल्यात किंवा मंत्रात एक मिनिटही न घालवता दवाखाना गाठा. साप चावल्याची शंका आली तरी तसंच. रत्नागिरी-सिंधुदुर्गात फुरसं पुष्कळ आहे, आणि ते एवढंसं असतं की मुलाला ते खेळणं वाटू शकतं.

काळजी सोपी आहे. संध्याकाळनंतर मुलांच्या पायांत बूट, हातात बॅटरी, बाहेर वाळत घातलेले कपडे झटकून घालायचे, बूट आपटून मग घालायचे, गडग्याच्या भोकांत हात घालायचा नाही.

पायरी ६: आता रिसॉर्ट

"बीच टच" या शब्दांवर विसंबू नका. नकाशावर निवासापासून वाळूपर्यंतची वाट बोटानं आखून बघा. मधे डांबरी रस्ता आहे का? पायऱ्या किती? मधे सुरूचं बन असेल तर उत्तम. कोकणचा किनारा पश्चिमेला तोंड करून आहे, त्यामुळे सकाळी सूर्य मागून, डोंगराकडून येतो आणि झाडांची सावली थोडा वेळ वाळूवर पडते. याच कारणानं समुद्राकडे तोंड असलेल्या खोल्या उन्हाळ्यात दुपारनंतर भट्टीसारख्या तापतात. मुलांची दुपारची झोप महत्त्वाची, तेव्हा मार्चनंतर जात असाल तर समुद्र दिसणारी खोली हट्टानं घेऊ नका. मागच्या, वाडीकडच्या खोल्या गार असतात आणि बहुधा स्वस्तही.

तळमजल्याची खोली मागा. बाल्कनीच्या कठड्याच्या गजांतून मुलाचं डोकं जाईल का, खिडकीखाली पलंग आहे का, दाराला मुलाच्या हाताबाहेरची वरची कडी आहे का, एवढं बघा. मूल पहाटे उठून एकटं समुद्राकडे चालू लागलं तर वरची कडीच त्याला अडवेल.

विहीर ही कोकणातल्या निवासांची खरी तपासायची जागा आहे. जुन्या वाडीत उभारलेल्या बहुतेक निवासांच्या आवारात विहीर असते, तिचा कठडा कधीकधी जेमतेम दोन फुटांचा, आणि शेजारी पाण्याचा उघडा हौद. शहरातल्या मुलाला विहीर म्हणजे काय हेच ठाऊक नसतं, ते वाकून बघणारच. कठडा मुलाच्या छातीच्या वर हवा किंवा तोंडावर लोखंडी जाळी हवी. हौदालाही झाकण हवं. नसेल तर जागा कितीही सुंदर असो, ती घेऊ नका.

पूल असेल तर तो किती खोल आहे ते विचारा. मुलांचा वेगळा उथळ पूल आहे का, आणि तो मोठ्या पुलाला चिकटून तर नाही? पुलाभोवती कुंपण आणि बंद होणारं फाटक आहे का? तळ स्वच्छ दिसतो का? मूल बुडतं तेव्हा ओरडत नाही, हातपायही फारसे आपटत नाही, गुपचूप खाली जातं. म्हणून पूल खोलीच्या दारासमोर असणं ही माझ्या लेखी सोय नाही. पूल लांब असावा आणि तिथे जायचं तर मोठ्या माणसाबरोबरच जावं लागावं. एक वर्षाखालच्या बाळासाठी पूल हवाच कशाला, घमेल्यात कोमट पाणी घेतलं की ते खूश होतं.

नारळाखाली खाट, पाळणा किंवा झोळी टांगलेली असेल तर ती हलवायला सांगा. माडाचे नारळ वेळोवेळी पाडून घेतात का, असं विचारायला लाजू नका. नारळ नाही पडला तर सुकलेली झावळ पडते, आणि तिचा मार कमी नसतो.

पाणी आणि लाईट. किनाऱ्यालगतच्या विहिरींचं पाणी उन्हाळ्यात मचूळ होतं. अंघोळीला चालतं, पण काही मुलांची त्वचा त्यानं कोरडी पडते. पिण्याचं पाणी गाळून उकळलेलं मिळेल का ते विचारा. लाईट गेल्यावर इन्व्हर्टरवर पंखा किती वेळ चालतो हा प्रश्न एसीच्या प्रश्नापेक्षा महत्त्वाचा आहे. मच्छरदाणी मिळत असेल तर मागा, नाहीतर घरची न्या.

रिसॉर्ट की घरगुती निवास? तीन वर्षांखालचं मूल असेल तर मी घरगुती निवासाकडे झुकते. स्वयंपाकघर जवळ असतं, रात्री दूध गरम करून मागता येतं, घरातली आजी मऊ भात करून देते आणि कोणत्या डॉक्टरकडे जायचं हेही तिला माहीत असतं. पाच-सहा वर्षांपुढच्या मुलांना खेळायला जागा आणि सोबतीला इतर मुलं लागतात, तिथे रिसॉर्ट बरं. पर्यटन विकास महामंडळाची निवासं गणपतीपुळे, तारकर्ली, हरिहरेश्वर, वेळणेश्वर इथे आहेत आणि त्यांची आवारं मोठी असतात.

पायरी ७: फोनवर काय विचारायचं

संकेतस्थळावरून बुकिंग करणार असलात तरी एकदा मालकांशी बोला. बोलण्याचा सूर आपुलकीचा ठेवा. कोकणातला माणूस भावावर घासाघीस केली की तुटक बोलतो, पण मुलांच्या काळजीपोटी प्रश्न विचारले तर मनापासून सांगतो.

"काका, आमचं मूल अडीच वर्षांचं आहे. आवारात विहीर आहे का? कठडा केवढा आहे?"

"आमच्या तारखांना संध्याकाळी भरती की ओहोटी?" हा प्रश्न मुद्दाम विचारा. ज्याला चटकन उत्तर देता येतं तो माणूस समुद्राशी राहिलेला असतो आणि पुढेही त्याचा सल्ला उपयोगी पडतो.

"तुमच्या घरची मुलं कुठे पोहतात?" याचं उत्तर "इथे नाही, आम्ही नाही सोडत" असं आलं तर तो किनारा कसा आहे ते कळलं.

"किनाऱ्यावर जीवरक्षक असतात का? किती वाजेपर्यंत?"

"आमच्या मुलांना साडेबारा आणि सात वाजता जेवायला लागतं, जमेल का?"

शेवटी विनंती करा की व्हॉट्सअॅपवर फाटकापासून वाळूपर्यंत चालत एक व्हिडिओ पाठवा. दोन मिनिटांच्या व्हिडिओत रस्ता, विहीर, कुत्री, पायऱ्या सगळं दिसतं. लहान मुलांचं भाडं, जादा गादीचे पैसे आणि मुलांच्या ताटाचा दर याच वेळी पक्का करा. मूल आजारी पडलं तर आगाऊ रक्कम परत मिळेल की तारीख बदलून मिळेल, हे लिहून घ्या. थोडी रोकडही बरोबर असू दे, कारण रेंज नसेल तर यूपीआय चालत नाही.

जेवणाचं

मालवणी मसाला लहान मुलांना तिखट लागतो, पण कोकणी घरात त्यांच्याजोगं पुष्कळ असतं: तूप घालून मऊ भात, पेज, घावणे, आंबोळी, नारळाचं दूध, उकडीचा मोदक. आदल्या रात्री सांगून ठेवलं की सकाळी गरम घावणे मिळतात. सोलकढीत बहुधा मिरची-लसूण वाटून असते, मुलांसाठी वेगळी काढायला सांगा. मासे देणार असाल तर सुरमईची तुकडी बरी, मोठा काटा मधे असतो आणि काढता येतो. बांगडा, तारली यांचे बारीक काटे मोठ्यांनी निवडून द्यावेत. कोळंबी, तिसऱ्या, कालवं मुलानं आजवर कधी खाल्ली नसतील तर पहिला घास सहलीत नको. अंगावर पित्त उठलं किंवा घसा सुजला तर दवाखाना घरच्याइतका जवळ नसतो. शहाळं समोर फोडून घ्या.

पोचल्यावर

सामान उघडायच्या आधी एका मोठ्यानं मुलांना धरून बसावं आणि दुसऱ्यानं आवाराला एक फेरी मारावी. विहीर, हौद, पूल, फाटक, कुत्रा, उघड्या वायरी. मग मुलांना हात धरून तीच फेरी मारवा आणि कुठपर्यंत जायचं ते दाखवा. चार वर्षांच्या मुलाला "त्या पांढऱ्या दगडाच्या पुढे नाही" असं नेमकं सांगितलेलं कळतं.

समुद्रावर प्रत्येक मुलामागे एक मोठं माणूस नेमा, नावानिशी. सगळेच बघत असले की कुणीच बघत नसतं. नेमलेल्या माणसाच्या हातात मोबाइल नको आणि मूल त्याच्या हाताच्या अंतरात हवं. पाणी मुलाच्या गुडघ्यापर्यंत, त्यापुढे नाही, आणि सूर्य मावळला की पाण्याबाहेर. दोन्हीकडे लाटा फुटताहेत आणि मधल्या पट्ट्यात पाणी शांत, गढूळ दिसतं आहे, असा पट्टा दिसला तर तिथून लांब व्हा. ती शांत जागा म्हणजेच आत ओढणारं पाणी.

हवा भरलेली ट्यूब, बदक, गादी समुद्रात नेऊ नका. सकाळी मतलई वारा जमिनीकडून समुद्राकडे वाहतो आणि अशी हलकी वस्तू मुलासकट बघता बघता आत जाते. त्या पुलातच वापराव्यात, तिथेही हात लावून.

काळसर वाळूचे किनारे दुपारी फार तापतात, मुलांना अनवाणी सोडू नका. जेलीफिश वाळूत मेलेली दिसली तरी हात लावू द्यायचा नाही, मेल्यावरही ती डसते. डसलीच तर चोळू नका, समुद्राच्याच पाण्यानं धुवा आणि डॉक्टरांना दाखवा.

सिंधुदुर्ग किल्ल्याला, जंजिऱ्याला किंवा डॉल्फिन बघायला बोटीनं जायचं असेल तर आधी धक्क्यावर लाइफ जॅकेट मुलाला घालून बघा. मोठ्यांचं जॅकेट लहान मुलाच्या डोक्यावरून वर निसटतं. जॅकेट घातलेल्या मुलाला खांद्यावरच्या पट्ट्यांना धरून हळूच वर उचला. ते हनुवटीच्या वर सरकलं तर मोठं आहे. मुलांच्या मापाचं दुसरं मागा, आणि मिळालं नाही तर त्या बोटीत चढू नका.